चाचणीच्या आधीची पायरी

अमेरिकेत शालेय मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आज वांशिक समतेवर जे काम करतात, त्याचे एक मूळ सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात आहे. १९७१ साली सहा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने तो दाखल झाला. शहरातल्या शाळांत कृष्णवर्णीय मुले २८.५ टक्के होती, सौम्य मतिमंदांच्या वेगळ्या वर्गांत मात्र ६६ टक्के. त्या वर्गांत नेहमीचा अभ्यासक्रम शिकवतच नसत. एकदा आत गेलेले मूल दरवर्षी आणखी मागे पडे आणि त्याची परतीची वाट बंद होई.

सहाही मुलांचा बुद्ध्यंक ७५च्या खाली नोंदला होता, म्हणूनच ती त्या वर्गांत होती. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्यांची पुन्हा चाचणी घेतली. आधी मुलांची भीड मोडली, प्रश्न त्यांच्या बोलण्याच्या वळणाने विचारले, ठरीव उत्तरापेक्षा वेगळे पण समजुतीचे उत्तर ग्राह्य धरले. सहाही जण ७५च्या वर गेले. वेश्लरची मुलांसाठीची १९४९ची बुद्धिमापन चाचणी २,२०० मुलांवर प्रमाणित केली होती आणि ती सगळी गोरी होती. (मराठी आणि कन्नड मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांना फ्रान्समध्ये तयार झालेली बिने बुद्धिमापन चाचणी नव्याने बेतावी लागली, तीही परक्या मुलांचे मोजमाप इथे जसेच्या तसे लागत नाही म्हणूनच.)

१९७९मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कॅलिफोर्नियात या वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यंक मोजण्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या न्यायालयाने उलट निकाल दिला. मतिमंदांचे वर्ग आटत गेले, तरी अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या विशिष्ट अडचणींच्या, वर्गवारीत मुले वाढत गेली. दोष फक्त चाचणीत नव्हता.

एकाच चाचणीवर निर्णय नको, हे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५च्या केंद्रीय कायद्याने आधीच सांगितले होते. त्याच कायद्याच्या २००४च्या सुधारणेने लक्षणीय वांशिक तफावत आढळलेल्या शालेय जिल्ह्यांना केंद्रीय निधीतले १५ टक्के वेळीच मदत देण्यासाठी राखायला लावले. तफावत मोजतात ती जोखीम गुणोत्तराने. समजा, २०० कृष्णवर्णीय मुलांपैकी २४ विशेष शिक्षणात आहेत, म्हणजे १२ टक्के. उरलेल्या ८०० पैकी ३२, म्हणजे ४ टक्के. १२ला ४ने भागले की गुणोत्तर ३. लहान शाळेत दोन-तीन मुलांनीही हा आकडा उसळतो, म्हणून तीन वर्षांच्या नोंदी एकत्र घ्याव्यात.

शिवाय हे गुणोत्तर तीन ठिकाणी वेगवेगळे काढावे लागते: शिक्षकांनी कोणाला तपासणीसाठी पाठवले, त्यांतल्या कोणाची तपासणी झाली, कोण पात्र ठरले. तफावत पहिल्याच पायरीवर दिसली, तर चाचणी बदलून ती जात नाही. तेव्हा शिक्षकांच्या शिफारसपत्रांतली कारणे वाचावी लागतात, आणि त्या मुलाची नजर व श्रवण तपासले होते का, वर्गात आधी किती आठवडे वाचनाची जादा मदत दिली होती, तेही पाहावे लागते.