शिळं ट्विट, ताजा राग

२ जून २०२१. लॉर्ड्सवर इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. खेळ सुरू होण्यापूर्वी इंग्लंडचे खेळाडू भेदभावाचा निषेध करणारे संदेश छापलेले टी-शर्ट घालून रांगेत उभे राहिले. त्या रांगेत २७ वर्षांचा उंचापुरा ऑली रॉबिन्सनही होता. ही त्याची पहिलीच कसोटी. दिवसभरात त्याने टॉम लेथम आणि रॉस टेलर हे दोन मोहरे टिपले. पण तो मैदानात असतानाच बाहेर लोकांच्या फोनवर त्याची जुनी ट्विट्स फिरू लागली होती. २०१२ ते २०१४ या काळात, १८ ते २० वर्षांचा असताना त्याने ती लिहिली होती. त्यात वर्णद्वेष होता, मुसलमानांना दहशतवादाशी जोडणारे विनोद होते, बायकांविषयी हीन शेरे होते. संध्याकाळी, आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस संपवून, रॉबिन्सनला जाहीर माफीचं निवेदन वाचावं लागलं.

त्या सामन्यात त्याने एकूण सात बळी घेतले, ४२ धावा केल्या आणि सामना संपताच तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित झाला. पुढे शिस्त आयोगाने त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंड दंड सुनावला. आठपैकी पाच सामन्यांची बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली आणि उरलेले तीन सामने तोवर भरले होते.

मला या प्रकरणातली एक गोष्ट सुटत नाही. ती ट्विट्स सात ते नऊ वर्षं उघड्यावर पडून होती. मग त्याच दिवशी का सापडली? आणि इतकं जुनं वाक्य वाचून लोकांना आत्ता कोणी तोंडावर बोलल्यासारखा राग का आला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधयंत्राच्या पोटात आहे. ट्विटर २००६ साली सुरू झालं. पहिली काही वर्षं तिथला शोध मुख्यतः ताज्या मजकुरापुरता चाले. जुनं ट्विट अस्तित्वात असे, पण अडगळीच्या खोलीत तळाशी गेलेल्या वहीसारखं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने २००६ पासूनचं प्रत्येक सार्वजनिक ट्विट शोधता येईल अशी सूची खुली केली. त्यात सुमारे ५० हजार कोटी नोंदी होत्या आणि सरासरी उत्तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत येत होतं. म्हणजे रॉबिन्सनने ती वाक्यं लिहिली तेव्हा ती सहज सापडण्याजोगी नव्हतीच. लिहून झाल्यावर नियम बदलले.

हे काम कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. 'ज्वारी' हा शब्द कुठे आलाय हे पाहायला आपण ग्रंथ पहिल्या पानापासून वाचत नाही. सूचीत 'ज्वारी' काढतो आणि समोरचे पानांचे आकडे बघतो. शोधयंत्रही तेच करतं. प्रत्येक शब्दासमोर तो ज्या ट्विट्समध्ये आलाय त्यांचे क्रमांक मांडलेले असतात. अमुक खातं, अमुक वर्षं, अमुक शब्द असं विचारलं की या याद्या एकमेकींवर ठेवून तिन्हींत सामाईक असलेले क्रमांक तेवढे बाहेर काढले जातात. तुमचं आमचं लक्ष जावं अशी खुबी यात एकच: कालचं ट्विट काढणं आणि दहा वर्षांपूर्वीचं काढणं यांत यंत्राच्या दृष्टीने जवळपास काहीच फरक उरत नाही.

माणसाच्या स्मरणात मात्र अंतराची किंमत मोजावी लागते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती उरतं ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त गळून गेलेलं असे. पुढे मानसशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. आठवणीतली वाईट भावना चांगल्या भावनेपेक्षा लवकर फिकी पडते. अपमान आठवतो, पण त्याची धग कमी होते. आपल्या घराघरांत, भावकीत, गावात 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणता येतं त्यामागे हा मेंदूचा कारभार आहे. जखमेवर खपली धरायला वेळ मिळतो.

नव्याने सापडलेल्या ट्विटला ही खपली धरलेलीच नसते. रॉबिन्सनसाठी ते वाक्य नऊ वर्षांचं होतं, वाचणाऱ्यासाठी काही सेकंदांचं. इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबात खेळणाऱ्या दक्षिण आशियाई मुलाने ते त्या संध्याकाळी वाचलं असेल तर त्याच्यावरचा घाव त्याच संध्याकाळचा. म्हणून 'जुनी मढी कशाला उकरता' हे उत्तर मला अपुरं वाटतं. मढं जुनं असेल, पण ज्याला ते आज दिसलं त्याचं दुःख आजचं आहे आणि खरं आहे.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. कॉलेजच्या कट्ट्यावर आपण जसं बोलतो तसं आजीसमोर बोलत नाही आणि जसं आजीसमोर बोलतो तसं नोकरीच्या मुलाखतीत बोलत नाही. यात दांभिकपणा नाही. समोर कोण आहे ते पाहून बोलणं हे भाषेचं मूळ कौशल्य आहे. समाजमाध्यमांत कट्टा, माजघर आणि कचेरी यांच्या मधल्या भिंती पडतात. अॅलिस मार्विक आणि डेना बॉइड या संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्यांच्या अभ्यासात हे नेमकं टिपलं. लिहिणारा मनात एक छोटा श्रोतृवर्ग कल्पून लिहितो, प्रत्यक्षात ऐकणारे भलतेच असतात. स्टॅनफर्ड आणि फेसबुकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजलंही. आपली पोस्ट किती जणांनी पाहिली असेल हा वापरणाऱ्यांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जेमतेम २७ टक्के निघाला. आणि हे त्या वेळच्या प्रेक्षकांपुरतं. नऊ वर्षांनी येणाऱ्या प्रेक्षकाचा अंदाज कोण बांधणार?

त्यात वयाची भर. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झालाय, थांबायचं की दामटायची? १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत त्याच्या जवळपास दुप्पट धोका मित्र बघत असताना पत्करत. १८ ते २२ वर्षांच्या गटात ही वाढ निम्म्याने होती. २४ च्या पुढच्यांवर मित्रांच्या असण्याचा फरक पडलाच नाही. या वयात बक्षिसाची ओढ जोरात असते आणि आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग अजून घडत असतो. समाजमाध्यमांवर तर मित्र सतत बघतच असतात. यातून वर्णद्वेष माफ होत नाही. १८ वर्षांच्या बहुसंख्य मुलांनी तसं काही लिहिलेलं नसतं. पण टोकाचं बोलून टाळ्या घेण्याचा मोह त्या वयात सर्वांत चढा असतो, एवढं मान्य करावं लागतं.

वाचणाऱ्याच्या डोक्यातही एक जुनी खोड आहे. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरुद्धचे निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू निवडायची मुभा नव्हती, ती नेमून दिली होती, असं सांगूनही वाचणाऱ्यांनी कॅस्ट्रोच्या बाजूचा निबंध लिहिणारा आतून कॅस्ट्रोवादीच असणार असं बऱ्यापैकी धरलं. लिहिलेला शब्द दिसला की आपण थेट स्वभावावर उडी मारतो, परिस्थिती बाजूला राहते. रॉबिन्सनला तर कोणी काही नेमून दिलेलं नव्हतं. मग 'हा असाच आहे' या निष्कर्षाला कितीसा वेळ लागणार! आणि त्या वाक्यातलं वर्तमानकाळी 'आहे' किती अलगद येऊन बसतं पाहा.

राग पसरतो कसा, यावर गेल्या काही वर्षांत चांगलं काम झालंय. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच लाखांहून जास्त ट्विट्स तपासली. नीती आणि भावना दोन्ही ज्यांत आहेत असे शब्द, म्हणजे 'निर्लज्ज', 'घोर अन्याय' अशा जातीचे, एकेक वाढला की ते ट्विट पुढे पाठवलं जाण्याचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांनी वाढत होतं. २०२१ मधल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी महत्त्वाचं दिसलं. संतापाच्या पोस्टला पसंती मिळाली की माणूस पुढच्या वेळी जास्त संताप व्यक्त करतो. राग आतून येतो हे खरंच, पण तो मांडण्याची सवय बाहेरून लावली जाते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा अभ्यास ताकुया सावाओका आणि बेनॉइ मोनँ यांचा, २०१८ चा. त्यांनी लोकांना एक आक्षेपार्ह पोस्ट आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया दाखवल्या. एकट्याने ठणकावलेलं असेल तर ते लोकांना रास्त वाटलं. तीच प्रतिक्रिया, शब्दही तेच, पण अनेकांच्या गर्दीत वाचली की ती दांडगाई वाटू लागली. कारण गर्दी पाहिल्यावर मूळ चूक करणाऱ्याचीच दया येऊ लागते. आता प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाने आपापलं एकच वाक्य लिहिलेलं असतं. त्याच्या परीने ते योग्यही असतं. सगळ्या योग्य वाक्यांची बेरीज मात्र अयोग्य दिसते.

रॉबिन्सनच्या बाबतीत हे वळण चार-पाच दिवसांत आलं. ब्रिटनचे तत्कालीन सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाउडन यांनी निलंबन अति झालं असं म्हटलं, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्यांची पाठराखण केली, आणि चर्चा 'शिक्षा जास्त की बरोबर' यावर जाऊन थांबली. ज्यांच्याविषयी ती वाक्यं होती ते लोक या चर्चेतून केव्हाच बाहेर पडले होते. माझ्या मते अशा प्रत्येक वादळातलं खरं नुकसान हे आहे.

दर वेळी उकरणाऱ्याचा हेतू दुखावलेल्यांचा कैवार हाच असतो असंही नाही. २०१८ च्या जुलैमध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स गन यांची दहा-एक वर्षं जुनी, लहान मुलांवरच्या अत्याचारांची थट्टा करणारी ट्विट्स बाहेर काढली ती त्यांच्या राजकीय विरोधकांनी. डिस्नेने त्यांना लगोलग काढलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये परत घेतलं. सूची सगळ्यांना सारखीच उघडी असते. माणूस प्रकाशात आला की ती उघडायला कारण मिळतं, म्हणून ट्विट्स नेमकी पदार्पणाच्या, निवडीच्या, पुरस्काराच्या दिवशी सापडतात.

युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी 'विसरलं जाण्याचा हक्क' मान्य केला, तेव्हा त्याने हात घातला तो याच सूचीला. स्पेनमधल्या एका नागरिकाच्या जुन्या कर्जाची नोटीस वर्तमानपत्राच्या पानावर तशीच राहिली. गूगलने मात्र त्याच्या नावाच्या शोधात ती दाखवायची नाही, असं ठरलं. सार्वजनिक जीवनातल्या माणसाला हा हक्क सहज मिळत नाही, कारण लोकांचाही जाणून घेण्याचा हक्क असतो, आणि मला ते पटतं. मतं मागणाऱ्याचं जुनं बोलणं मतदाराला कळलंच पाहिजे.

पण कळल्यावर त्याचा अर्थ लावताना एक प्रश्न उरतोच: माणूस दहा वर्षांत बदलतो का? ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन नमुन्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा स्वभावातला सर्वांत मोठा बदल २० ते ४० या वयात होताना दिसला. जबाबदारीची जाण आणि भावनांवरचा ताबा वाढत जातो. स्कॉटलंडमध्ये तर १४ वर्षांच्या मुलांविषयी शिक्षकांनी नोंदवलेले गुण ६३ वर्षांनी, ते ७७ वर्षांचे झाल्यावर, पुन्हा तपासले गेले. दोन्हींचा मेळ जवळजवळ बसला नाही. शेवटपर्यंत हाती लागलेले लोक १७४ च होते आणि गुण देणारेही बदलले होते, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी विचार करायला लावणारं आहे.

गंमत म्हणजे आपल्या स्वतःच्या बाबतीतही आपल्याला हे दिसत नाही. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं: गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि पुढच्या दहांत किती बदलाल? १८ पासून ६८ पर्यंत सगळ्या वयांत उत्तर एकाच घाटाचं आलं. मागे पुष्कळ बदललो, पुढे फारसा बदलणार नाही. १८ वर्षांचा मुलगाही असंच मानून टाइप करतो.

शिस्त आयोगाने रॉबिन्सनला शिक्षा देताना मजकुराचं गांभीर्य पाहिलं, तसंच मधली वर्षं, त्याची कबुली आणि पश्चात्तापही पाहिला. त्यासाठी त्यांना काही आठवडे लागले. फोनच्या पडद्यावर तेवढी उसंत नसते. तिथे ट्विटचा मजकूर ठळक आणि तारीख बारीक करड्या अक्षरांत असते, आणि स्क्रीनशॉट काढताना तीही कापली जाऊ शकते.

ही मांडणी बदलता येते. ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राच्या जुन्या बातम्या ताज्या समजून पसरवल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी जुन्या लेखांवर पिवळ्या पट्टीत तो किती जुना आहे ते लिहायला सुरुवात केली आणि समाजमाध्यमांवर जाणाऱ्या चित्रावरच प्रकाशनाचं वर्ष ठळक छापलं. लेखातला एकही शब्द त्यासाठी बदलावा लागला नाही.