घराण्यात असणं आणि जनुकांत असणं

नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्याला मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत विचारतात, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" समोरचा म्हणतो, "आईला होता." आणि मनातल्या मनात पुढचं वाक्य पुरं करून टाकतो: म्हणजे हे माझ्या रक्तातच आहे. प्रश्न घराण्याचा होता, ह्याने तो जनुकांचा करून घेतला.

घराण्यात तर आडनावही चालत येतं. आईला नैराश्य असेल तर तिची निम्मी जनुकं मुलाला मिळतात हे खरं. पण त्याचं बालपणही तिच्याच सावलीत जातं. दुपारभर लोटलेलं दार, जेवताना कुणीच न बोलणं, "आज आईला त्रास देऊ नका" ही रोजची ताकीद. जनुकं आणि घर एकाच गाठोड्यात येतात आणि त्या एका 'हो'मध्ये दोन्ही कोंबली जातात.

हे गाठोडं सोडवायला जुळी उपयोगी पडली. एकयुग्मजी, म्हणजे एकाच फलित बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, द्वियुग्मजी, म्हणजे दोन वेगळ्या बीजांतून झालेल्या जुळ्यांमध्ये इतर भावंडांइतकंच साम्य असतं, आणि घर मात्र दोघांनाही एकच. पहिल्या प्रकारच्या जोड्यांत दोघांनाही नैराश्य येण्याचं प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा जितकं जास्त, तितका जनुकांचा हात मोठा. सलिव्हन, नील आणि केंडलर या संशोधकांनी 2000 साली असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जनुकांचा वाटा निघाला सुमारे 37 टक्के.

इथे दुसरी गफलत होते. 37 टक्के म्हणजे 'माझ्या नैराश्यातलं 37 टक्के आईकडून आलं' असं नाही, आणि 'मला ते होण्याची शक्यता 37 टक्के' असं तर नाहीच. माणसामाणसांत जोखीम कमीजास्त असते, त्या फरकाचा हा हिशोब आहे. एकट्या माणसात तो मांडताच येत नाही. टाळीच्या आवाजात डाव्या हाताचे टक्के किती, असं विचारण्यासारखं ते होईल.

शिवाय 'नैराश्याचं जनुक' असं एक काही नाही. 2003 मध्ये सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या निरोप्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा मोठा गाजावाजा झाला: त्याचं विशिष्ट रूप असलेल्यांना आयुष्यातले आघात जास्त लागतात, असा तो निष्कर्ष होता. गोष्ट सुरेख होती, म्हणूनच बहुधा इतकी टिकली. 2019 मध्ये लाखो लोकांची माहिती तपासल्यावर ते जनुक आणि त्याच्यासोबतची इतर प्रसिद्ध जनुकं कुठलीही जनुकं डोळे मिटून उचलावीत त्यापेक्षा सरस ठरली नाहीत. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेले 102 जनुकीय बदल सापडले, पण एकेकाचा परिणाम अगदी चिमूटभर.

मग घराचं काय? जुळ्यांच्या त्याच विश्लेषणात भावंडांना सामाईक असलेल्या वातावरणाचा वाटा जवळपास शून्य दिसला. ह्यावरून 'घर कसंही असो, फरक पडत नाही' असं म्हणणारे निघालेच. मला ते घाईचं वाटतं. छप्पर एक असलं तरी घर एक नसतं. आई सर्वांत जास्त खचली होती तेव्हा थोरला कॉलेजसाठी बाहेर पडलेला असतो आणि धाकटी सात वर्षांची असते. एका आईच्या ह्या दोन मुलांची बालपणं वेगळी, आणि जुळ्यांच्या गणितात हा वेगळेपणा सामाईक खात्यात जमाच होत नाही.

2020 साली स्वीडनमधल्या नोंदींवरून केंडलर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच ताडून पाहिलं. आईवडिलांमुळे जोखीम जास्त असलेली सख्खी भावंडं त्यांनी निवडली: एक जन्मदात्या घरी वाढलेलं, दुसरं दत्तक गेलेलं. दत्तक घरं पारखून निवडलेली असत. तिथे वाढलेल्या भावंडात नैराश्याची जोखीम सुमारे 23 टक्क्यांनी कमी आढळली. ज्या दत्तक घरात पालकांपैकी कुणाला नैराश्य होतं, किंवा मृत्यू वा घटस्फोटाने ते घर मोडलं, तिथे मात्र हा फायदा उरला नाही.