मिरचीचं पान वर वळलंय की खाली? फुलकिडे आणि कोळी कसे ओळखायचे

कुंडीतल्या मिरचीचा शेंडा आखडला, नवी पानं चुरगळून आली, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: बोकड्या आला. कोणी आंबट ताक मारायला सांगतं, कोणी राख टाकायला, कोणी कृषी सेवा केंद्रातून कसलीशी बाटली आणून देतं. पंधरा दिवस हे प्रयोग चालतात आणि रोप आहे तिथेच राहतं, किंवा आणखी बिघडतं.

रोप आधीच गेलेलं असतं असं मुळीच नाही. आपण कशावर फवारतोय हेच पाहिलेलं नसतं. मिरचीची पानं मुरडण्यामागे बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो: फुलकिडे (थ्रिप्स) किंवा कोळी (माइट, घरात जाळं विणणारा कोळी नव्हे). दोघंही शेंड्यातल्या कोवळ्या पानांचा रस शोषतात, दोघंही सहजासहजी दिसत नाहीत आणि लांबून दोघांची लक्षणं सारखीच वाटतात. पण फुलकिडा हा सहा पायांचा कीटक, तर कोळी अष्टपाद, विंचू-गोचिडांच्या गोतातला. त्यामुळे कीटकांवरची कित्येक औषधं कोळ्याला लागूच पडत नाहीत. इमिडाक्लोप्रिड हे त्याचं नेहमीचं उदाहरण. 'रस शोषणाऱ्या किडींवर चालतं' म्हणून ते सर्रास हातात दिलं जातं, पण कोळ्यावर त्याचा उपयोग नाही. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचं तर त्याहून वाईट. कोळ्यांना खाणारे मित्रजीव त्यांनी आधी मरतात आणि कोळी मोकाट वाढतात.

म्हणून आधी पान पाहा. शेंड्याजवळचं, नुकतं उघडलेलं पान घ्या आणि त्याच्या कडा कुठे वळल्यात ते बघा. कडा वर उचलल्या जाऊन पानाची होडी झाली असेल तर संशय फुलकिड्यांवर. कडा खाली वळून होडी पालथी पडल्यासारखी दिसत असेल तर कोळ्यांवर. मिरची पिकवणारे शेतकरी याच खुणेवर चालतात आणि घरच्या कुंडीलाही ती तितकीच लागू आहे.

मात्र एका खुणेवर निकाल देऊ नका, पान उलटंही करा. फुलकिडे पेशी फोडून त्यातला रस ओढतात आणि रिकाम्या झालेल्या पेशी चंदेरी दिसतात. त्यामुळे शिरांच्या कडेने चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे उमटतात आणि मध्येमध्ये विष्ठेचे काळे ठिपके असतात. कोळ्याचं पान वेगळं असतं. ते अरुंद, जाडसर आणि ठिसूळ होतं, रंग नेहमीपेक्षा गडद हिरवा दिसतो आणि खालची बाजू तेलकट चकाकीची, तांबूस होते. देठ मात्र पानाच्या मानाने विचित्र लांबतो. लांब देठावर बारीक, खाली वाकलेलं पान दिसलं की माझ्या मते निदान जवळजवळ पक्कं झालं.

आता पुरावा. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंड्यावर बोटाने दोन-तीनदा टिचकी मारा. फुलकिडे असतील तर जेमतेम एक मिलिमीटरचे, फिकट पिवळे, लांबट जीव कागदावर पडून चालू लागतात. फुलांवरही हेच करून पाहा. फुलातून काळपट फुलकिडे पडले तर ती वेगळी जात असू शकते. थ्रिप्स पर्विस्पिनस नावाची ही परदेशी जात भारतात २०१५ मध्ये पपईवर नोंदली गेली. २०२१ मध्ये तिने आंध्र आणि तेलंगणातली मिरचीची शेतं अक्षरशः झोडपली. ती फुलातच गर्दी करते, म्हणून फुलं गळतात आणि फळ धरत नाही.

कोळ्यासाठी कागद कामाचा नाही. मिरचीवरचा पिवळा कोळी सुमारे ०.२ मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. नुसत्या डोळ्यांनी तो दिसेल ही आशा सोडा. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, किंवा मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स. सर्वात कोवळ्या पानाची खालची बाजू शिरेजवळ पाहा. कोळी हलताना दिसेलच असं नाही, पण त्याची अंडी ओळखू येतात: लांबट, काचेसारखी, वर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. एवढी देखणी खूण किडींच्या जगात क्वचितच सापडते आणि एकदा पाहिली की चूक होत नाही.

इथे आणखी एक गोंधळ होतो. 'कोळी' म्हटलं की लोक जाळी शोधतात आणि जाळी नाही म्हणून कोळी नाही असं ठरवतात. जाळी करतो तो लाल कोळी. त्याला कोरडी, तापलेली हवा आवडते. तो बहुधा खालच्या जून पानांपासून सुरुवात करतो आणि पानावर पिवळट बारीक ठिपके पाडतो. पिवळा कोळी जाळी विणत नाही. तो थेट शेंड्यात बसतो आणि त्याला दमट, उबदार, वारा नसलेली जागा हवी असते. पावसाळ्यात ग्रिल लावलेल्या, कुंड्यांनी दाटलेल्या मुंबई-ठाण्याच्या गॅलऱ्यांमध्ये त्याला नेमकं तेच मिळतं. फुलकिड्यांचं उलट असतं. जोराचा पाऊस त्यांना धुऊन काढतो आणि उघडीप पडून ऊन तापलं की ते वाढतात. फेब्रुवारीपासून पुढचा उन्हाळा आणि ऑक्टोबरची तलखी हा त्यांचा काळ. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना फुलकिड्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, मिरचीवरचीच जात द्राक्षावरही येते. अर्थात हवामानावरून अंदाज बांधता येतो, निदान पानावरूनच करायचं.

दोघांचा संसार कुठे चालतो हे कळलं की उपाय आपोआप वेगळे होतात. फुलकिड्याची मादी पानाच्या पेशींच्या आत अंडी घालते. पिल्लं पानावर वाढतात आणि कोषावस्थेसाठी बरीचशी खाली मातीत किंवा पडलेल्या पाचोळ्यात उतरतात. म्हणजे आज केलेल्या फवारणीतून अंडी वाचतात आणि मातीतले कोषही वाचतात. एका फवारणीने फुलकिडे संपत नाहीत ते यामुळे. कुंडीतली गळलेली पानं, फुलं उचलून टाकणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. पंख फुटलेले फुलकिडे उडतात, म्हणून निळे चिकट सापळे लावता येतात. गॅलरीत एक-दोन पुरतात आणि कीड किती वाढतेय याचा अंदाजही देतात.

पिवळ्या कोळ्याला ना पंख, ना मातीचं काम, त्यामुळे चिकट सापळा त्याच्यासाठी व्यर्थ. तो एका रोपावरून दुसऱ्यावर जातो तो टेकलेल्या पानांवरून, आपल्या हातांवरून, नर्सरीतून आणलेल्या रोपावरून, आणि चक्क पांढऱ्या माशीच्या पायांना धरून. उबदार हवेत अंड्यापासून पुढची पिढी तयार व्हायला त्याला आठवडाही लागत नाही. म्हणून कोळी आढळला की कुंडी त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर करा. ढोबळी मिरची, पपई, लिंबू, जरबेरा, बिगोनिया यांवरही तो बसतो. आजारी रोपाला पाणी सगळ्यात शेवटी घाला आणि त्याला हात लावला तर धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका.

औषधाचं आता थोडक्यात. दोन्हींसाठी पहिलं काम एकच: सर्वात बिघडलेले शेंडे कापा, पिशवीत बांधा, कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात नको. फुलकिडे असतील तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, त्यानेच मोठी संख्या कमी होते. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा सौम्य द्रव साबण. किंवा ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेली. पाच-सहा दिवसांच्या अंतराने किमान तीनदा, संध्याकाळी, पानांच्या खालून. तरी हटले नाहीत तर स्पिनोसॅड ४५ टक्के, लिटरला ०.३ मिली. मातीतल्या जिवाणूपासून मिळणारं हे औषध आहे, पण ओलं असताना मधमाश्यांना घातक ठरतं. म्हणून तेही संध्याकाळीच.

कोळ्यावर नुसत्या पाण्याचा मारा फारसा चालत नाही, कारण तो मिटलेल्या शेंड्याच्या आत असतो. तिथे गंधक कामाला येतं: पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, आठवड्याने पुन्हा. एक अट काटेकोर पाळा. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका. तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. आज कडुनिंब, परवा गंधक अशी सरमिसळ करणाऱ्यांची रोपं बहुतेक याच कारणाने जळतात आणि दोष किडीला मिळतो. म्हणून निदानाआधी तेलाची बाटलीही उघडू नका.

काही वेळा दोन्ही किडी एकाच रोपावर असतात, तेव्हा खालची पानं वर वळलेली आणि शेंडा खाली असं चित्र दिसतं. अशा वेळी मी आधी कोळ्याचा बंदोबस्त करीन, कारण वाढीचा कोंब तो मारतो.

पान वर वळलंय पण कागदावर काहीच पडत नाही, पानं अगदी बारीक, शिरा फिकट, रोप झुडपासारखं आखूड झालंय, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छाचा विषाणू असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर औषध नाही. रोप उपटा, बाकीच्यांना वाचवा. चिकट पानं आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर तो मावा, तो डोळ्यांनी दिसतो आणि साबणाच्या पाण्याने जातो.

उपचार लागू पडला की नाही हे मुरडलेल्या पानांवरून ठरवू नका. ती पानं पुन्हा सरळ होत नाहीत. कोळ्याच्या लाळेचा परिणाम तर कोळी मेल्यानंतरही काही आठवडे राहतो, त्यामुळे पुढची दोन-चार पानंही वाकडी येऊ शकतात. भिंगातून शेंडा रोज पाहा. जिवंत कोळी किंवा नवी अंडी दिसत नसतील तर फवारणी थांबवा आणि रोपाला वेळ द्या. या काळात नत्राचं खत जास्त घालायचा मोह होतो, तोही आवरा. लुसलुशीत कोवळी वाढ दोन्ही किडींना आवडते.

अशा रोपावरच्या मिरच्या खायच्या का, असं पुष्कळजण विचारतात. साल खरबरीत, तपकिरी, सुकलेल्या खपलीसारखी होते ती कोवळ्या फळावर किडींनी रस शोषल्याने. आतली मिरची चांगली असते, धुऊन खुशाल फोडणीत टाका. स्पिनोसॅड किंवा दुसरं कुठलं विकतचं औषध मारलं असेल तर मात्र बाटलीवरच्या लेबलवर तोडणीपूर्वी जितके दिवस थांबायला सांगितलं असेल, तितके दिवस तोडू नका.