पार्श्वभूमी : ‘पाळणाघर’ हा शब्द टोमणा कसा झाला

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी घसरगुंडीपाशी दहा मिनिटं उभं राहा. “तिचं काय बाई, पोर पाळणाघरात वाढतंय” हे वाक्य कानावर येतंच, आणि बोलणारी बहुधा दुसरी आईच असते. या वाक्यात आज जी धार आहे ती फार जुनी नाही.

जुनं थोडक्यात सांगायचं तर, गिरणगावातल्या बायका पाळीला जाताना तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवत, हे शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी अहवालांत नोंदलेलं आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, तो देशातला पहिला. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०पेक्षा जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६मध्ये तो आकडा ३०वर आणला. म्हणजे ३० बायका ठेवल्या की मालक सुटला! गिरणीतल्या बाईला मात्र कुणी टोमणा मारत नव्हतं. तिला कामावर जाणं भागच होतं, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. टोमणा सुरू झाला तो ‘हिला काय गरज होती?’ असं जिच्याबद्दल विचारता येतं तिच्यापासून.

ती बाई आमच्याकडे बँकेत, विम्यात, मंत्रालयात नोकरी करणारी होती. ठाण्यातून सीएसटी गाठायची. खाडीपलीकडे नवी मुंबईकडे जाणारा पूल १९७३ला झाला, १९९२ला मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, २००४ला ठाण्याहून ऐरोली-तुर्भेमार्गे वाशी जोडलं गेलं. दर टप्प्याला घर मोठं होत गेलं आणि शेजार लांब. चाळीत मूल चार दारांत वाढायचं, त्याला कुणी पाळणाघर म्हणत नव्हतं. तेच मूल नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर दार बंद झालं आणि सांभाळायला पैसे मोजावे लागले.

इथे शब्दाचा गुंता समजून घ्यायला हवा. नव्वदीत ठाण्याच्या नौपाड्यात, पाचपाखाडीत किंवा वाशीत सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) बांधलेल्या घरांत ‘पाळणाघर’ म्हणजे एखाद्या काकूंचा हॉल. पाट्या हाताने रंगवलेल्या. माझी मुलगी ज्या काकूंकडे होती तिथे सात मुलं, दोन सतरंज्या, एक साडीची झोळी आणि दुपारी एकला सगळ्यांना एकाच परातीतून कालवून भरवलेला वरणभात. पिशवीत दुपट्यांची चळत, कपड्यांचे दोन जोड आणि दुधाच्या बाटलीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव. साडेसातनंतर अर्ध्या तासाला वेगळे पैसे. गाडी लेट झाली की ते पैसे द्यायला काही वाटायचं नाही, पण दार उघडताना काकूंचा चेहरा बघायला नको वाटायचं.

या काकू स्वतः दोन मुलांच्या आई होत्या, पहाटे पाचला उठून स्वतःच्या मुलांचे डबे करायच्या आणि रात्री आठपर्यंत दुसऱ्यांची मुलं बघायच्या. तरी सोसायटीत त्यांची ओळख ‘त्या घरीच असतात’ अशी. नोकरदार बाईत त्यांना कुणी मोजलं नाही, त्यामुळे पाळणाघराच्या टोमण्यातूनही त्या सुटल्या. नंतर ‘डे-केअर’ आलं. भिंतींवर कार्टून, एसी, ॲपवर फोटो. मग पाळणाघर म्हणजे नाइलाज आणि डे-केअर म्हणजे निवड, अशी प्रतवारी लागली. आजी सांभाळते, सर्वांत वर. घरी ठेवलेली मावशी त्याखाली. काम तेच, मूल तेच. फक्त नाव बदललं की आईची प्रत बदलते, हे मला आजही पटत नाही.

आजीबद्दल एक. साताऱ्याहून किंवा कोकणातून आजी येते ती चार-सहा महिन्यांच्या बोलीवर, मे महिन्यात आंबे-फणस काढायला परत जायचं असतं.

नोव्हेंबर २०१६मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. ते चित्रण दिवसभर टीव्हीवर फिरत होतं. आपल्याकडे पाळणाघरांना नोंदणी, तपासणी, मुलांमागे किती माणसं असा नेमका धाक का नाही, हा प्रश्न त्यातून उठायला हवा होता. काही दिवस उठलाही. पण पनवेल-बेलापूरच्या जिन्यांवर आणि शाळेच्या फाटकांवर जे बोललं गेलं ते वेगळंच होतं : आई कुठे होती? बाप कुठे होता, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्यानंतर चारेक महिन्यांत, २०१७मध्ये, प्रसूती लाभ कायद्यात मोठा बदल झाला. आधीची १२ आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं आलं, आणि या ५०त पुरुषही मोजले गेले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल, हेही लिहिलं. कागदावर उत्तम. मात्र या कायद्याखाली रजेचा पगार पूर्णपणे मालकाच्या माथी, सरकारचा वाटा नाही. लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत ‘प्लॅनिंग काय?’ असं आडून विचारण्याला हे एक कारण पुरतं. शिवाय वागळे इस्टेटमधल्या वीस माणसांच्या युनिटला पाळणाघराचं बंधन नाही. घरकाम करणारी बाई, जिच्या जिवावर आपण सगळ्या ऑफिस गाठतो, तिला तर हा कायदा लागूच नाही.

आणि हिशेब बघा. २६ आठवड्यांतले ८ बाळंतपणाआधी घेता येतात. तेवढे घेतले तर बाळंतपणानंतर १८ उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचं. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध. प्लेग्रुप घेतं दीड-दोन वर्षांनंतर, तेही दोन तास. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून. मधलं हे सव्वा ते पावणेदोन वर्षांचं अंतर कुणाच्याच खात्यात नाही, आणि सोसायटीतलं बहुतेक बोलणं नेमकं याच काळातलं असतं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये पाळणाघरं बंद झाली आणि ऑफिस स्वयंपाकघरात आलं. मांडीवर लॅपटॉप, बाजूला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. तेव्हा टोमणा पालटला : “तू काय, घरीच तर असतेस.” काकूंना वीस वर्षं जे ऐकावं लागलं तेच.

आता ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पट्ट्यात रात्रपाळी आहे. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला तिच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करून रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येतं, घरापर्यंत गाडीही द्यावी लागते. ती गाडी आमच्या फाटकाशी रात्री सव्वानऊला येते. आमच्या भागातली पाळणाघरं आठला बंद होतात.