स्मृतिपदकांचा संग्रह (गोवा)

प्रसिद्ध वास्तू, देवस्थान किंवा किल्ला यांचे चित्र उठवलेली धातूची पदके जमवण्याचा छंद. पदक दिसते नाण्यासारखे. पण त्यावर दर्शनी मूल्य नसते आणि ते चलनात चालत नाही.

वास्तू धातूवर उठवण्याची चाल जुनी आहे. रोमन सम्राट टायटसच्या नाण्यावर कलोसियम आहे. रोममधल्या सेंट पीटर्सची पायाभरणी १५०६ साली झाली, तेव्हा पदककार काराडोसोने वास्तुकार ब्रामान्तेच्या आराखड्याचे पदक घडवले; चर्च पुढे वेगळ्याच रूपात उभे राहिले, मूळ कल्पना पदकावर टिकली. १८८९ मध्ये आयफेल मनोरा चढणाऱ्यांसाठी निघालेल्या पदकांवर तर आपण कुठवर चढलो तेही कोरलेले असे. पॅरिसची टांकसाळ आजही पर्यटनस्थळांची पदके काढते आणि त्यांतली बरीच त्या-त्या जागी यंत्रातून मिळतात. स्वतः न जाता टपालाने मागवलेले पदक कट्टर संग्राहकाला अर्धेच वाटते.

गोव्यात हा प्रकार पर्यटनापेक्षा भक्तीच्या वाटेने रुजला. जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या (सणाच्या) जत्रेत आणि दर दहा वर्षांनी भरणाऱ्या त्याच्या शवप्रदर्शनात (अलीकडचे २०२४-२५) मेणबत्त्या, रोझरी यांच्या शेजारी ‘गोंयच्या सायबा’ची, म्हणजे याच संताची, पदके मांडलेली असतात. हिंदू घरांत धनत्रयोदशीला सोनाराकडून चांदीचे नाणे येते, त्यावर लक्ष्मी-गणपती. दोन्हीकडे मान देवाला किंवा संताला, वास्तूला नव्हे. खरे तर मंगेशीची सातमजली दीपमाळ पदकासाठी घडवल्यासारखी आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा नसलेला जांभ्या दगडाचा दर्शनी भागही एकरंगी धातूत चांगला उठावा. दूधसागर धबधबा मात्र धातूत निर्जीव दिसण्याचीच भीती अधिक.

नवख्याची गफलत होते ती पोर्तुगीज नाण्यांशी. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कने १५१० मध्ये गोव्यात टांकसाळ सुरू केली; पुढे तिथल्या नाण्यांना संग्राहकांत मोठी मागणी आली आणि मागणीमागून नकलाही आल्या. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. ठशाखाली दाबून काढलेला तुकडा रेखीव असतो.

किनाऱ्यालगतची दमट, खारी हवा पितळ आणि तांब्याची वैरीण. पावसाळ्यात पदकावर हिरवट कळंक चढतो. तो दिसताच घरातल्या समईसारखे चिंचेने घासायला घेतले, की मूळ झळाळी आणि बारीक रेषा दोन्ही जातात. पदक कडेने धरावे आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात ठेवावे. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटून धातू चिकट, हिरवा होतो, म्हणून ती टाळावीत.

शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा पदक १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.