मोटारींच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचे रंगकाम

मोटारींच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचे रंगकाम : सुट्ट्या भागांच्या किटमधून मोटारीची छोटी प्रतिकृती जोडायची, ती खऱ्या गाडीसारखी रंगवायची आणि तिच्यात जमतील तेवढे बारकावे भरायचे, असा हा छंद आहे. किटचे भाग पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे असतात व साच्यातून निघालेल्या चौकटींना जोडलेले येतात. सर्वांत रूढ प्रमाण १:२४ आहे. अमेरिकी किटांत ते बहुधा १:२५ असते, फॉर्म्युला वनच्या गाड्या १:२० मध्ये मिळतात आणि मोठ्या, महागड्या प्रतिकृती १:१२ मध्ये. चार मीटर लांबीची गाडी १:२४ प्रमाणात साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास भरते.

या कामातली खरी मेख अशी, की गाडी लहान करता येते, रंग लहान करता येत नाही. खऱ्या मोटारीवर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि वार्निश मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. प्रतिकृतीवर १०० मायक्रॉनचा थर बसला, तर १:२४ च्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवर २.४ मिलीमीटर जाड लेप दिल्यासारखा होतो. दार आणि चौकट यांच्यातली चार मिलीमीटरची फट प्रतिकृतीत ०.१७ मिलीमीटर उरते, आणि असा लेप तिला सहज बुजवून टाकतो. धातूची झाक असलेल्या रंगांचेही तेच. त्यातला २० मायक्रॉनचा चमकीचा कण प्रतिकृतीवर जवळजवळ अर्ध्या मिलीमीटरच्या टिकलीएवढा भासतो. म्हणून खऱ्या गाडीसाठीचा मेटॅलिक रंग, छटा अगदी तंतोतंत जुळत असली तरी, छोट्या गाडीवर खेळण्यासारखा दिसतो. पुढची सारी तंत्रे या एका अडचणीवरची उत्तरे आहेत.

छंदाची सुरुवातही रंगाशी जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्या आपल्या विक्रेत्यांना नव्या वर्षाच्या गाड्यांच्या छोट्या, तयार प्रतिकृती पुरवत. कंपनीच्या अधिकृत रंगांत त्या रंगवलेल्या असत, त्यामुळे गिऱ्हाइकाला गाडीचा रंग हातात धरून पाहता येई. सुरुवातीच्या या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या आणि काळानुसार वाकत. पुढे पॉलिस्टायरिन आले. अशा प्रतिकृती बनवणाऱ्या मिशिगनमधील एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये त्याच साच्यांच्या आधारे १:२५ प्रमाणातली जोडायची किट बाजारात आणली. एकाच खोक्यातून मूळ गाडी, हौसेने बदललेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती करता येई. कॅलिफोर्नियातली रेव्हेल आणि शिकागोची मोनोग्राम या कंपन्याही या बाजारात मोठ्या झाल्या. १९८६ मध्ये त्या एकत्र आल्या.

जपानमध्ये या उद्योगाचे घर शिझुओका. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही कंपन्या याच प्रांतातल्या. तामियाचा जन्म १९४६ मध्ये लाकूड व्यवसायातून झाला. लाकडी प्रतिकृतींवरून ती १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली आणि १९६७ मध्ये तिने होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन गाडीची १:१२ प्रतिकृती काढली. दरवर्षी मे महिन्यात शिझुओका हॉबी शोमध्ये नवी किट पाहायला छंदिष्टांची रीघ लागते. अमेरिकी किटमध्ये कल्पनेला वाव अधिक, जपानी किटमध्ये भाग एकमेकांत बसण्याची सफाई अधिक, असे ढोबळमानाने म्हणता येते. नवशिक्याने जपानी किटवर हात बसवलेला बरा, कारण भाग नीट बसत असले की सारे लक्ष रंगाकडे देता येते.

रंगाचे निम्मे काम रंगाआधीच होते. गाडीचा सांगाडा, म्हणजे बाहेरची बॉडी, साबणाच्या पाण्याने धुवून साच्याचा तेलकटपणा घालवतात. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे सांगाड्यावर केसासारख्या रेघा उमटलेल्या असतात, त्या वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश कागदाने, घासून काढतात. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरतात. गॅरेजमधला पेंटर डेंटिंगनंतर जे करतो तेच हे काम, फक्त बोटाच्या पेराएवढ्या जागेत. मग दारे, बॉनेट आणि डिकीच्या खाचा टोकदार अवजाराने थोड्या खोल करून घेतात, म्हणजे रंगानंतरही त्या उघड्या राहतात. अनेक जण ही पायरी वगळतात आणि शेवटी बुजलेल्या खाचांवर काळी रेघ ओढत बसतात. तशी रेघ लगेच ओळखू येते.

प्रायमरचा रंग वरच्या रंगाला वळण देतो. पिवळा आणि लाल हे रंग करड्या प्रायमरवर मळकट दिसतात, म्हणून त्यांच्याखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर देतात. लाल प्लॅस्टिकचा सांगाडा पांढरा करायचा असेल तर आणखी सावध राहावे लागते, कारण लाल रंगद्रव्य वरच्या थरांत झिरपून पांढऱ्याला गुलाबी करते.

रंग मुख्यतः तीन प्रकारचे: लॅकर, ॲक्रिलिक आणि इनॅमल. लॅकरचा द्रावक जहाल असतो. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो. लॅकर तळाला आणि इनॅमल वर असा क्रम मात्र चालतो, आणि खाचांत गडद रंग सोडण्याचे तंत्र याच क्रमावर उभे आहे. पातळ केलेले काळे किंवा तपकिरी इनॅमल खाचेच्या टोकाला टेकवले की ते आपोआप खाचभर धावते. बाहेर सांडलेले इनॅमलच्या थिनरने पुसले तरी खालच्या लॅकरला धक्का लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर मात्र उघड्या पॉलिस्टायरिनला विरघळवतो, म्हणून तो त्यापासून लांबच ठेवावा.

रंग ब्रशने न देता फवारतात, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग उडवणाऱ्या पेनासारख्या अवजाराने) किंवा स्प्रेच्या डब्याने. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करतात. पहिला हात धुक्यासारखा विरळ, त्यावर आणखी एक-दोन हलके हात, आणि शेवटचा इतका ओला की पृष्ठभाग आरशासारखा दिसावा पण ओघळ येऊ नये. हा शेवटचा हात सरावाशिवाय जमत नाही. तो कोरडा पडला तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, जास्त ओला झाला तर दाराखाली थेंब लटकतो. हे काम हवेशीर जागेत, द्रावकाची वाफ अडवणारा मास्क लावून आणि विस्तवापासून दूर करायचे असते.

मुंबई आणि कोकणातल्या छंदिष्टांना यात पावसाळ्याची भर पडते. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले बाष्प ओल्या रंगावर जमते आणि चकचकीत काळी गाडी बघता बघता दुधाळ होते. जून ते सप्टेंबर अनेक जण आतले भाग आणि इंजिन रंगवून घेतात व सांगाडा कोरड्या हवेसाठी राखून ठेवतात. ज्यांना थांबवत नाही ते सावकाश उडणारा थिनर वापरतात. रंग वाळला की नाही हे पाहायची जुनी खूण म्हणजे नाक: सांगाड्याला थिनरचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही. लॅकरला काही दिवस लागतात, इनॅमलला कधी काही आठवडे.

त्यानंतरची घासाई या छंदातला सर्वांत चिकाटीचा भाग आहे. २००० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून अधिकाधिक बारीक कागदांनी, पाणी लावून, पृष्ठभाग सपाट करतात आणि मग पॉलिशच्या लेपाने झळाळी आणतात. यातही थराच्या जाडीचा प्रश्न असतोच, कारण कडांवर रंग पातळ असतो आणि दोन घासण्यांत खालचा प्रायमर डोकावतो. अनुभवी लोक कडांना कागद लावतच नाहीत.

किटमधले क्रोमचे भाग आधीच चकचकीत येतात, पण तो मुलामा जाड असतो व साच्याच्या रेघा झाकत नाही. तो ब्लीचमध्ये बुडवून काढतात, भाग घासतात आणि चकचकीत काळ्या रंगावर धातुई लॅकरचा अगदी विरळ फवारा देतात. काळा तळ नितळ नसेल तर क्रोम करडे पडते. खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी गोंद लावलेली अतिपातळ धातूची फॉइल येते. ती चिकटवून, काडीने दाबून, नव्या ब्लेडने कापतात. ब्रशने ओढलेल्या चंदेरी रेघेला फॉइलची सर येत नाही.

बॉनेटखाली हौसेला अंत नाही. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणारा भाग) असलेल्या व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या, इंजिनाला किमान नऊ तारा लागतात, आठ प्लगच्या आणि एक कॉइलची, आणि त्या योग्य क्रमाने लावणारे आहेत. इंजिनाच्या रंगातही इतिहास असतो: साठच्या दशकातल्या बहुतेक शेव्हर्ले व्ही८ चे ठोकळे नारिंगी होते, तर फोर्डने १९६६ पासून निळा धरला. आतल्या गालिच्यासाठी ओल्या रंगावर तंतूंची बारीक पूड भुरभुरतात, सीटचे पट्टे रिबिनीचे करतात. डॅशबोर्ड आणि टायर निखळ काळे रंगवत नाहीत, गडद करडे ठेवतात, कारण इतक्या लहान वस्तूवर पूर्ण काळा रंग सगळे उठाव गिळून टाकतो.

शर्यतीच्या गाड्यांवर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर कागदावरून सुटणारी छापील चित्रे व अक्षरे, चिकटवतात. गल्फ या तेल कंपनीच्या फिकट निळ्या-नारिंगी रंगातली पोर्शे ९१७ ही या प्रकारातली सर्वांची आवडती. वक्र भागांवर डिकल मऊ करणारे द्रव्य लावले की ते रंगवल्यासारखे बसते. तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे अनेक किटांत सिगारेटच्या ब्रँडची अक्षरे गाळलेली किंवा बदललेली असतात, ती हवी असल्यास वेगळी डिकल मागवावी लागतात. डिकलवर वार्निश मारताना लॅकरचा पहिला हात विरळच लागतो. एकदम ओला मारला तर आठवडाभर जपून लावलेली अक्षरे आकसून फाटतात.