चंद्राच्या कडेपलीकडचे साहा

गेल्या कोजागिरीला कोथरूडच्या आमच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि काका फोन नाचवत वर आले. भाच्याने त्यांना वाढदिवसाला चंद्रावरचा प्लॉट गिफ्ट दिलाय, चक्क एक एकर, सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. म्हटलं काका, १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, चंद्रावर कुठल्या देशालासुद्धा मालकी सांगता येत नाही, मग ही वेबसाईट कोण लागून गेली. सर्टिफिकेट फ्रेम करून लावा, पण सातबारा मागायला जाऊ नका.

काका हिरमुसले. म्हणाले, "म्हणजे आपल्या लोकांचं तिथे काहीच नाही का रे?"

आहे की. नावं आहेत, आणि ती विकत मिळत नाहीत. विवरांना नावं देण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोल संघ करतो आणि ज्याचं नाव द्यायचं तो माणूस हयात नसावा लागतो, त्यामुळे वशिला लावायला स्वतः कोणी जाऊ शकत नाही हा मोठा फायदा. आर्यभट, रामन, साराभाई आपल्याला दिसणाऱ्या बाजूला आहेत. भाभा, बोस, शिशिरकुमार मित्र पलीकडच्या. यातले बोस म्हणजे जगदीशचंद्र, सत्येंद्रनाथ नव्हेत, हे सगळेच घोळ घालतात, मीही बरीच वर्षं घालत होतो. पण माझं लाडकं विवर वेगळंच आहे आणि ते मी कधी पाहिलेलं नाही, गच्चीवरून कधी दिसणारही नाही. त्याचं नाव साहा.

मेघनाद साहा, आपले खगोलभौतिकशास्त्रज्ञ. विवराचा व्यास साधारण १०० किलोमीटर, म्हणजे या काठावर पुणं ठेवलं तर पलीकडचा काठ साताऱ्याच्या आसपास येईल. ठिकाण असं सांगता येईल की चंद्राच्या कडेजवळ एक सुटा गोल काळा डाग दिसतो, तो संकटांचा समुद्र. त्याच बाजूच्या कडेवर विषुववृत्तापाशी स्मिथचा समुद्र नावाचा चेपल्यासारखा दिसणारा पट्टा आहे आणि तो ओलांडून गेलं की साहा. चंद्राच्या तोंडाचा मध्य शून्य अंश धरला तर कड ९० अंशांवर येते आणि साहा आहे १०३ अंशांच्या आसपास. चंद्र थोडी मान हलवतो, त्यामुळे कधी या बाजूचं कधी त्या बाजूचं सात-आठ अंश जास्त दिसतं, पण तेवढ्यानेही भागत नाही, साहा थोडक्यात हुकतात. (आणि पौर्णिमेला तसंही विवरं बघायला जाऊ नये, ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. पण हे कोजागिरीच्या दिवशी सांगायची हिंमत नाही झाली.)

साहा गेले १६ फेब्रुवारी १९५६ ला, दिल्लीत, नियोजन आयोगाच्या ऑफिसकडे चालत जाताना. तोवर चंद्राची ती बाजू कोणी पाहिलेलीच नव्हती, पहिले फोटो रशियाच्या लुना ३ ने काढले ते ऑक्टोबर १९५९ मधे.

आता या माणसाने केलं काय ते. शाळेत आपण शिकतो की सूर्यप्रकाश लोलकातून नेला की सात रंग पडतात. नीट निरखून पाहिलं तर त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, बोटांच्या ठशांसारख्या. मग कोणालाही वाटेल की सोपं आहे, ज्याच्या रेघा ठसठशीत ते सूर्यावर जास्त. तर सूर्याच्या पट्ट्यात सगळ्यात दणदणीत रेघा आहेत कॅल्शियमच्या. हायड्रोजनच्या त्यामानाने फिक्या. म्हणजे सूर्य काय चुन्याचा गोळा आहे? त्यातही ह्या कॅल्शियमच्या रेघा साध्या कॅल्शियमच्या नाहीत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या, आणि खग्रास ग्रहणात सूर्याच्या पृष्ठभागापासून हजारो किलोमीटर वर, पार विरळ हवेतसुद्धा त्या दिसत होत्या. विज्ञानातल्या मोठमोठ्या लोकांचं डोकं इथे अडकलं होतं, कारण अणूचा इलेक्ट्रॉन उखडायला उष्णता लागते, मग वर जावं तसा तुटका कॅल्शियम कमी व्हायला हवा ना?

१९२० मधे कोलकात्यात बसून २६ वर्षांच्या साहांनी हे सोडवलं. युक्ती अशी की त्यांनी अणू तुटणं ही एक साधी रासायनिक अभिक्रिया मानली. कॅल्शियम तुटून आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) आणि इलेक्ट्रॉन होतो, आयन आणि इलेक्ट्रॉन भेटून परत कॅल्शियम होतो, दोन्ही बाजूंची ये-जा सारखी झाली की समतोल. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीत रट्टा मारतो तोच समतोल, फक्त टेस्टट्यूबच्या जागी तारा.

रिक्षाचं उदाहरण घ्या. रिक्षा म्हणजे अणू, प्रवासी म्हणजे इलेक्ट्रॉन. संध्याकाळी लक्ष्मी रोडला प्रवासी उतरला की पुढच्या सेकंदाला दुसरा आत बसलेला असतो, रिकामी रिक्षा दिसतच नाही. तीच रिक्षा रात्री अकराला पाषाणच्या आतल्या रस्त्याला प्रवासी सोडून निघाली तर मैलभर रिकामीच जाणार, कारण भेटायला कोणी नाही. (रिकामी असून थांबत नाही तो भाग वेगळा, अणू असला माज करत नाहीत.) तेव्हा रिकाम्या रिक्षा किती हे फक्त लोक किती उतरतात यावर नाही ठरत, रस्त्यावर गर्दी किती यावरही ठरतं. उतरायची घाई म्हणजे तापमान, गर्दी म्हणजे दाब. सूर्याच्या वरच्या थरात गर्दी इतकी कमी की एकदा सुटलेला इलेक्ट्रॉन परत आयनला सापडतच नाही. म्हणून वर जावं तसा तुटका कॅल्शियम वाढतो. दाब हा मुद्दा तोवर हिशेबात नीट धरलेलाच नव्हता.

आता खरी गंमत, मला तरी यात सगळ्यात जास्त मजा येते, जरा दम धरून वाचा. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन उखडायला ६.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन, आणि त्या तापमानाला कणांच्या धक्काबुक्कीत जी ऊर्जा सहज हाताशी असते ती जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे किंमत खिशातल्या पैशाच्या बारापट. अशी उडी जमण्याची शक्यता काढली तर दोन लाखांत एक येते. मग कॅल्शियम तुटायलाच नको! पण साहांच्या समीकरणात दुसरा एक भाग आहे, तो विचारतो की सुटल्यावर इलेक्ट्रॉनला राहायला जागा किती. सूर्यावरच्या त्या विरळ वायूत, क्वांटमच्या नियमाने मोजलं तर, मोकळ्या इलेक्ट्रॉनला असण्याचे पर्याय अणूतल्या जागेच्या तुलनेत सुमारे २० कोटी पट आहेत. बाहेर २० कोटी दारं उघडी आणि घरी परतायचं दार एक. आता २० कोटींना दोन लाखांनी भागा, हजारच्या आसपास येतं. म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या हजारेक तुटक्या अणूंमागे एखादाच धड अणू.

हेच हायड्रोजनला लावा. तिथे किंमत १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, खिशातल्या पैशाच्या २७ पट, आणि हे प्रकरण घातांकात बसलेलं असल्यामुळे दुप्पट किमतीला शक्यता निम्मी होत नाही, पार पाताळात जाते. हायड्रोजनचे तेरा हजारांतला एखादा अणू सोडला तर बाकी सगळे शाबूत. बरं, शाबूत आहेत तर रेघा द्याव्यात ना? तर आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेघा द्यायला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढून बसलेला असावा लागतो आणि असे अणू २० कोटींत एखादा. उलट कॅल्शियमचे जवळपास सगळे अणू रेघ द्यायला तयार होऊन बसलेले. तेव्हा पाच लाख हायड्रोजनमागे कॅल्शियमचा एक अणू असूनही रेघ कॅल्शियमची ठसठशीत.

इथवर येईतो काका दूध ढवळायला निघून गेले होते. तुम्ही अजून असाल तर पुढचं पटकन सांगतो. साहांनी सांगितलं की रुबिडियमसारखे लगेच तुटणारे अणू सूर्यावर धड राहतच नाहीत म्हणून त्यांच्या रेघा दिसत नाहीत, पण सौर डाग त्यामानाने थंड असतात, तिथे शोधा. अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी शोधलं आणि रुबिडियम मिळालं. मग १९२५ मधे सेसिलिया पेन या तरुण बाईने हेच समीकरण ढीगभर ताऱ्यांना लावून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. रसेलसाहेबांनी तिला सांगितलं की हे शक्य नाही, बिचारीला प्रबंधात तसं लिहावं लागलं, आणि चार वर्षांनी साहेबांना स्वतःच्या हिशेबातूनही तेच उत्तर आलं.

साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचे, १८९३ चा जन्म. १९०५ मधे गव्हर्नरच्या शाळाभेटीला विरोध केला म्हणून शाळेतून काढलेला मुलगा, पुढे कोलकात्याच्या होस्टेलमधे जातीवरून पंगतीत वेगळा बसवलेला. म्हणून असेल कदाचित, भोंदूपणाची त्यांना भयंकर चीड होती. एकदा ढाक्यातल्या एका वकिलांना त्यांनी आपलं संशोधन उत्साहाने समजावून सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय, हे सगळं वेदात आहे. कुठल्या वेदात ते विचारलं तर वकीलसाहेबांनी वेद वाचलेलेच नव्हते! साहांनी मग वेद-पुराणं मुळातून चाळली आणि त्यात यातलं काही नाही हे छापून सांगितलं. आज फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांसोबत तेच वकील येतात, फक्त फॉरवर्ड होऊन.

पंचांगातही त्यांनी हात घातला, आणि ते पुण्यात सांगायलाच पाहिजे, कारण पंचांगशुद्धीवरून आपल्याकडे टिळकांच्या काळापासून भांडणं आहेत. १९५२ च्या कॅलेंडर सुधारणा समितीचे साहा अध्यक्ष होते. उत्तरायण खरं लागतं २२ डिसेंबरच्या सुमाराला आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला, हा तेवीस-एक दिवसांचा घोळ पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून झालाय. समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारने घेतली. संक्रांत मात्र जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बुटाच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडली, दुसऱ्या बाजूला जुनी सीडी तिरकी बसवली आणि खोकं आकाशाकडे धरून (सूर्याकडे नाही, डोळे जातील) काकांना दाखवलं. हिरव्यात एक-दोन आणि पिवळ्यात एक काळी रेघ त्यांना दिसली, ती पिवळी सोडियमची. मग विचारलं, "आणि ती तुझी कॅल्शियमची?" ती जांभळ्याच्या अगदी टोकाला असते, डोळा जिथे संपतो तिथे. काकांनी बराच वेळ खोकं वाकडंतिकडं करून बघितलं. नाही दिसली.